हे खळ्यात जाऊन बसतात आणि मी मागोमाग जाते

पत्र

माझं माहेर कोल्हापूर. लग्नाला अकरा वर्षं झाली. सहा वर्षं पुण्यात होतो. सासरे गेल्यावर, म्हणजे पाच वर्षांपूर्वी, वेंगुर्ल्याजवळ ह्यांच्या गावच्या घरी आलो. हे आंबा-काजूची बाग आणि काजू फोडायचं छोटं युनिट बघतात, मी दोन खोल्यांचं होमस्टे चालवते. घरात सासूबाई आणि आमची आठ वर्षांची मुलगी. सासरे जन्मभर मुंबईत नोकरीला होते, गणपतीत आणि मे महिन्यात तेवढे घरी यायचे. त्यामुळे हे लहानपणापासूनच घरातले कर्ते.

भांडणाला कारण काहीही पुरतं. बँकेचा हप्ता, होमस्टेचे पैसे, उशिरा येणं. मी बोलायला लागले की हे गप्प होतात आणि खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, जाऊन बसतात. मी मागे जाते. मग गाडी काढून बंदरावर जातात ते रात्री अकराला येतात. सासूबाई म्हणतात, "माझो झील (मुलगा) दमान येता. तेका जरा बसाक दी." दुसऱ्या दिवशी मुंबईहून नणंदेचा ह्यांना फोन येतो, तिला सगळं माहीत असतं. मी कोल्हापूरला आईला फोन लावून रडते. दोन महिन्यांपासून मुलीचं रात्री पोट दुखतं. मारहाण नाही, व्यसन नाही.

इंटरनेटवरच्या चाचणीत हे 'अव्हॉयडंट' (जवळीक टाळणारे) आणि मी 'अँक्शस' (सोडून जातील या धास्तीतली) निघाले. अशी माणसं बदलत नाहीत असं तिथं लिहिलं होतं. कुडाळला फ्लॅट घेऊन वेगळं व्हावं का? गणपतीला अकरा माणसं येणार आहेत, त्याआधी काही करता येईल का? आणि तुमचं उत्तर ह्यांना दाखवू का?

— म., वेंगुर्ले तालुका

उत्तर

ताई, चाचणीपासूनच सुरुवात करू, कारण 'बदलत नाहीत' हे वाक्य तुमच्या डोक्यात घर करून बसलेलं दिसतंय.

'अव्हॉयडंट' हा शब्द आला वर्ष-दीड वर्षाच्या मुलांच्या अभ्यासातून. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचं म्हणणं असं, की मूल आईला बिलगतं ते फक्त दुधासाठी नाही. भीती वाटली की ज्याच्याकडे धाव घ्यावी असं एक हक्काचं माणूस असणं ही त्याची वेगळीच गरज आहे. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडातल्या खेड्यांत आणि नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला आया आणि मुलं बारकाईनं पाहिली. मग एक प्रयोग बसवला: अनोळखी खोली, आई तीन मिनिटं बाहेर जाते आणि परत येते. मूल किती रडतं यापेक्षा आई परत आल्यावर ते काय करतं, याकडे एन्सवर्थ बघत होत्या. काही मुलं आईकडे जातात आणि निवतात. काही बिलगतात, पण निवत नाहीत, हातपाय झाडत राहतात. आणि काही आईकडे ढुंकूनही न बघता खेळण्याशी चाळा करत बसतात. ही शेवटची, म्हणजे 'अव्हॉयडंट' मुलं शांत वाटतात खरी. पण पुढच्या अभ्यासांत त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते वाढलेलेच निघाले.

हा शेवटचा मुद्दा तुमच्या कामाचा आहे. खळ्यात पाठ करून बसलेल्या माणसाला काहीच वाटत नाही, असं त्याच्या पाठीवरून ठरवता येत नाही.

ही चौकट मोठ्यांच्या प्रेमसंबंधांना लावली ती मानसशास्त्रज्ञ सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी, १९८७ मध्ये. आज संशोधक मोठ्या माणसांना चार खोक्यांत टाकत नाहीत, दोन पट्ट्या वापरतात. सोडून जातील ही धास्ती किती आणि जवळिकीची अडचण किती, एवढंच त्यांवर मोजायचं. तुम्ही, तुमचे यजमान, आम्ही, सगळेच त्या पट्ट्यांवर कुठे ना कुठे असतो, आणि भरवशाच्या नात्यात राहून माणसाची जागा सरकते. दहा प्रश्नांची चाचणी, तीही नवऱ्याच्या वतीनं बायकोनं भरलेली, म्हणजे तुमच्या त्या आठवड्यातल्या रागाचं मोजमाप. भांडणात 'तू अव्हॉयडंट आहेस' म्हणणं हे 'तू तुझ्या बापावर गेलास' याचंच शहरी रूप, त्यानं माणूस आणखी आत जातो.

जपानमध्ये साप्पोरोला केइको ताकाहाशी यांनी हाच प्रयोग केला, तेव्हा एकही मूल 'अव्हॉयडंट' गटात बसलं नाही. एरवी एकटं कधीच न राहिलेलं मूल त्या खोलीत रडून बेजार होणारच. तेव्हा परदेशी पट्टी आपल्या माजघराला लावताना हात जरा आखडताच ठेवलेला बरा.

आता तुमच्या फेऱ्याकडे येऊ. जोडप्यांबरोबर काम करणाऱ्यांना हा फेरा सर्वांत जास्त वेळा दिसतो: एक मागे लागतो, दुसरा दूर जातो. तुम्ही म्हणता हे जातात म्हणून मी मागे जाते, ते म्हणत असतील ही मागे येते म्हणून मी जातो. दोघांचंही खरं आहे, म्हणूनच 'सुरुवात कोणी केली' हा वाद अकरा वर्षांत मिटलेला नाही. सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी कॅनडात १९८० च्या दशकात 'इमोशनली फोकस्ड थेरपी' ही जोडप्यांसाठीची, भावनांवर भर देणारी उपचारपद्धत उभी केली. तिचं पहिलं काम म्हणजे हा फेरा कागदावर आणणं आणि त्यालाच दोघांचा सामाईक शत्रू ठरवणं.

तो कागद तुम्हाला घरी करता येईल. मागच्या महिन्यातलं एकच भांडण निवडा, सर्वांत मोठं नको, मधलं घ्या. चार रकाने पाडा: मी काय पाहिलं, मनात काय अर्थ लावला, अंगात काय झालं, मी काय केलं. उदाहरणार्थ: 'साडेआठला आले, माझ्याकडे न बघता आईशी बोलले. मी इथं पाहुणीच आहे. घशात आवंढा, हात गार. पैशांचा विषय काढला.' तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यात कसलं अंतर पडलंय ते पाहा. आत होती भीती, बाहेर आला हिशेब. समोरच्याला ऐकू आला फक्त हिशेब. पहिल्या प्रयत्नात बहुतेकजण दुसऱ्या रकान्यात समोरच्याचा स्वभाव लिहितात, 'त्यांना माझी किंमतच नाही'. ते खोडा, तुमच्याविषयीचं वाक्य लिहा. यजमानांचा कागद तुम्ही भरायचा नाही.

मग थांबण्याचा नियम. भांडण तापलं की छातीत धडधड सुरू होते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडपी भांडताना त्यांचे ठोके मोजले. मिनिटाला साधारण १०० च्या वर गेले की समोरचा काय म्हणतोय ते धड ऐकूच येत नाही, आणि शरीर खाली यायला किमान २० मिनिटं लागतात. मनगटावर पंधरा सेकंद नाडी मोजा, २५ च्या वर गेली की बोलणं थांबवायचं. तुमच्या यजमानांचं खळ्यात जाणं चुकीचं नाही, अर्धवट आहे. परत कधी येणार, हे ते सांगत नाहीत. आणि ज्या बायकोला सोडून जाण्याची धास्ती आहे, तिच्यासाठी न सांगता गेलेला माणूस कायमचाच गेलेला असतो. म्हणून नियम असा: जो उठेल त्यानं वेळ सांगून उठायचं ("अर्ध्या तासानं चहाला येतो"), आणि सांगितलेल्या वेळी त्यानंच परत यायचं, विषय मिटवायला नाही, नुसतं समोर बसायला. कमीत कमी २० मिनिटं, जास्तीत जास्त झोपायच्या आधीपर्यंत. उशीर झालाच असेल तर सकाळची वेळ ठरवून झोपायचं.

हा नियम दोन ठिकाणी मोडतो. एक, माणूस खळ्यात बसून पुढचं उत्तर घोकतो, त्यामुळे नाडी खाली येतच नाही. हाताला काम हवं: झाडांना पाणी, करवंट्या रचणं, काहीही. दोन, घरात राहिलेली व्यक्ती व्हॉट्सअॅपवर मागे जाते. पाय जागेवर आणि अंगठा पाठलागावर, हाही पाठलागच. त्या वीस मिनिटांत फोन फडताळात. आणि हा नियम भांडणाच्या मध्यात मांडू नका, शांत दिवशी ठरवा. यजमान 'बघू' म्हणाले तरी तुमच्या बाजूनं सुरू करा: "तुम्ही बसा. मी मागे येणार नाही. साडेनवाला चहा टाकते." पहिल्या चार-पाच वेळा ते येणार नाहीत असंच धरून चाला. अकरा वर्षं जी मागे येत होती ती आता येणार नाही, यावर विश्वास बसायला वेळ लागतो.

विषय काढायची वेळही बदला. दारात पाऊल पडताक्षणी नको, हंगामात, मार्च ते मे, तर नकोच. बागेतून उन्हानं करपून आलेल्या माणसाशी हप्त्यावर चांगलं बोलणं होत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास फक्त पैसे आणि कामं, वही घेऊन, झोपायच्या खोलीत नाही. सुरुवातीचं वाक्य तक्रारीचं नको, मागणीचं हवं. "तुम्ही कधी सांगतच नाही" याऐवजी "हप्त्याची तारीख कळली नाही की मला रात्री झोप लागत नाही. दर एक तारखेला दोघांनी वही बघू या का?" 'कधीच', 'नेहमी', 'तुमची आई' हे तीन शब्द त्या अर्ध्या तासापुरते बंद.

इथवर दोघांचं झालं. पण तुमच्या पत्रात दोन माणसांचं भांडण नाहीच, त्यात सहा माणसं आहेत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी १९५० च्या दशकात रुग्णांबरोबर अख्खी कुटुंबं रुग्णालयात राहायला ठेवून त्यांचा अभ्यास केला. त्यांचा एक साधा सिद्धांत: दोघांतला ताण वाढला की तिसरं माणूस आत ओढलं जातं. ताण त्या तिघांत वाटला जातो, थोडा सुसह्य होतो आणि त्यामुळेच वर्षानुवर्षं टिकतो. तुमच्याकडे तुम्ही-हे-सासूबाई हा एक त्रिकोण. सासूबाई-नणंद-हे दुसरा. आणि राग मानू नका, तुम्ही-हे-कोल्हापूरची आई हा तिसरा. रात्री आईजवळ रडून तुम्ही हलक्या होता, म्हणून नवऱ्याशी जे बोलायला हवं त्याची निकड उरत नाही, आणि आईच्या मनात जावयाचा जो चेहरा बनतो तो तुमचं भांडण मिटल्यावरही तसाच राहतो. आईला फोन करा, रोज करा. पण भांडण झाल्यापासून एक दिवस त्या विषयावर बोलू नका.

सासूबाईंचं वागणं समजायला कुटुंबाचा नकाशा काढा. याला जिनोग्राम म्हणतात: पुरुष चौकोन, बाई वर्तुळ, नवरा-बायकोला जोडणारी आडवी रेघ, मुलं खाली, तीन पिढ्या. बाजूला जन्म, मृत्यू, कोण कोणत्या वर्षी कुठे राहायला गेलं. घट्ट नात्याला दोन-तीन समांतर रेघा, तणावाला नागमोडी, तुटलेल्या नात्याला मधे छेद दिलेली रेघ. वर्षं नक्की लिहा, त्याशिवाय 'सासरे वारले', 'आम्ही गावी आलो' आणि 'भांडणं वाढली' या तीन गोष्टी शेजारी शेजारी आहेत हे डोळ्यांना दिसत नाही. तुमच्या नकाशात सासरे आणि सासूबाई यांच्यामध्ये सुमारे पाचशे किलोमीटरची मोकळी जागा निघेल, आणि तिथं दहा वर्षांचा मुलगा उभा दिसेल. मनीऑर्डर आली की नाही, कौलं कधी परतायची, सावकाराला काय सांगायचं, हे सासूबाई कोणाशी बोलत असतील? चाकरमान्यांच्या कोकणात अशी हजारो घरं होती. आईनं मुलाला पदराला बांधलं, असं म्हणणं सोपं आहे. तिला दुसरं माणूसच नव्हतं. आणि त्या मुलानं एक गोष्ट शिकून घेतली असणार, की आई रडायला लागली की आपण रडायचं नाही. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं की आज तो खळ्यात का जातो, याचं एक उत्तर इथं असू शकतं. असू शकतं म्हणतोय, विचारायचं तुम्ही.

कुटुंबांवर उपचार करणारे साल्वादोर मिनुचिन यांनी घरातल्या सीमांकडे लक्ष वेधलं: आई-बाप ही एक जोडी, मुलं हा दुसरा थर, आजी-आजोबा तिसरा, आणि त्यांच्यातल्या भिंतींना दारं हवीत. दार नाही तर दुरावा, नुसतंच दार तर गोंधळ. सासूबाईंना हलवून ही भिंत बांधू नका. विधवा झालेल्या बाईच्या हातून मुलगा, किल्ल्या आणि चूल एकाच वेळी काढली तर ती मुंबईला फोन करेल नाही तर काय करेल? त्यांच्या अखत्यारीतलं काहीतरी पूर्णपणे त्यांचं राहू द्या. कुळीथ, आगळ, लोणच्याची बेगमी, देवघर, यांत तुम्ही सूचना करायच्या नाहीत. त्या बदल्यात होमस्टेचे पैसे आणि मुलीचा अभ्यास हे दोघांचं.

त्या "तेका जरा बसाक दी" म्हणतील तेव्हा वाद घालू नका आणि गप्पही बसू नका. "होय आई, बसू दे. आमचं आम्ही बघतो" एवढं म्हणून कामाला लागा. नणंदेचं काम यजमानांचं आहे, तुमचं नाही. सासरच्यांशी नवऱ्यानं बोलायचं, माहेरच्यांशी बायकोनं, हा नियम बहुतेक घरांत चालतो. त्यांना फक्त एक वाक्य लागेल: "ताई, आईची तब्येत विचार, बागेचं विचार. आमच्या दोघांचं आम्ही बोलतो." हे वाक्य त्यांच्या तोंडी यायला सहा महिने लागतील. दरम्यान नणंदेनं थेट तुम्हाला विचारलंच तर "ह्यांनाच विचारा" म्हणा आणि भाचरांची चौकशी करा.

तुम्ही बदललात की घर तुम्हाला जुन्या जागी ढकलेल, याची आधीच तयारी ठेवा. बोवेन यांनी याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: आधी 'तुझं चुकतंय', मग 'पहिल्यासारखी हो', मग 'नाही झालीस तर बघ'. हे सुरू झालं म्हणजे काहीतरी हललंय. बहुतेक माणसं दुसऱ्या पायरीवर हात टेकतात. या दिवसांत भांडू नका, खुलासे देऊ नका, माहेरी निघून जाऊ नका.

मुलीचं पोट. आधी डॉक्टर. झोपेतून उठवणारं दुखणं, उलटी, ताप, वजन घटणं, शौचातून रक्त, यातलं काहीही असेल तर आजच. तपासण्या ठीक निघाल्या तर तीन आठवडे वही ठेवा: तारीख, वेळ, त्याआधीच्या दोन तासांत घरात काय झालं. भांडणाच्या रात्रीच दुखतंय असं दिसलं तरी ते नाटक समजू नका, दुखणं खरंच असतं. मिनुचिन यांच्या कामात हा प्रकार वारंवार येतो: मुलाला काही झालं की आई-बाप भांडण सोडून त्याच्या अंथरुणाशी येतात. मुलाला हे कळत नाही, त्याच्या पोटाला कळतं. तिला दोघांनी मिळून, शांत वेळी सांगा: "आम्ही भांडतो ते मोठ्यांचं आहे. तुझ्यामुळे नाही. ते मिटवणं आमचं काम, तुझं नाही." आणि भांडण नसलेल्या रात्रीही दहा-दहा मिनिटं दोघंही तिच्या अंथरुणाशी बसा, म्हणजे तुम्हाला एकत्र आणायला पोट दुखावं लागणार नाही. "बाबा काय म्हणाले?" हा प्रश्न तिला विचारायचा नाही.

कुडाळच्या फ्लॅटचा निर्णय सहा महिने बाजूला ठेवा. वेगळं राहणं हा गुन्हा नाही, कधी कधी तेच योग्य असतं. पण ताण न सोडवता फक्त अंतर वाढवलं तर तो फोनवरून प्रवास करतो. तुमची नणंद मुंबईत आहे, त्यानं काही फरक पडला का? आठवड्याची बैठक सलग तीन महिने झाली आणि तरीही दोघांचंही मत वेगळं राहायचंच असेल, तर ती भाडं, शाळा आणि सासूबाईंच्या रात्रींची सोय मांडून घेतलेला निर्णय असेल.

गणपतीसाठी पंधरा दिवस आधी दोघांनी एक कागद करा. कोण कुठे झोपणार, बाजार कोणाकडे, गणपतीवरची माटवी कोण बांधणार, भजनवाल्यांच्या रात्री उसळ आणि चहा कोण बघणार, होमस्टेच्या खोल्या त्या दिवसांत बंद की चालू. तो कागद सासूबाईंना आधी दाखवा आणि त्यांची एक तरी दुरुस्ती खरोखर मान्य करा. मग नणंदेला यजमानांनी फोनवर वाचून दाखवायचा. गर्दीच्या दिवसांत जुना विषय काढायचा नाही, पण रात्री भांडी आवरल्यावर दहा मिनिटं दोघंच खळ्यात बसा. खळं फक्त पळून जायची जागा असू नये.

तीन महिन्यांत फेरा हलला नाही तर जोडप्यांबरोबर काम करणारा समुपदेशक शोधा. ऑनलाइनही होतं, फक्त नेटवर्क आणि बंद दार दोन्ही हवं. साधारण ८ ते २० बैठका धरा. पहिल्या फोनवर विचारा: जोडप्यांचं प्रशिक्षण कुठे घेतलं, दोघांना एकेकटं भेटता का, आणि एकानं वेगळं सांगितलेलं गुपित ठेवता का? जो तिसऱ्या बैठकीपर्यंत तुमच्यापैकी एकाची बाजू घेतो, तो तुमच्या घरातला चौथा त्रिकोण झाला, बदला. सरकारी 'टेलि-मानस' ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मराठीत मोफत मिळते. मारहाण नाही असं तुम्ही लिहिलंय. पण उद्या धमकी, कोंडून ठेवणं, पैसे काढून घेणं सुरू झालं तर वरचं काहीही लागू नाही, तेव्हा जोडप्याची थेरपीही नको. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा शाब्दिक आणि आर्थिक छळालाही लागू होतो.

राहिलं हे उत्तर दाखवायचं. आता नको. नवऱ्याच्या नजरेला ते 'पेपरात आपलं घर चव्हाट्यावर मांडलं' असंच दिसेल, आणि त्यात आम्ही तिसरे होऊ. शांत दिवस बघून तुमचा चार रकान्यांचा कागद त्यांच्यासमोर ठेवा, तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवून: "हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं." खाली त्यांच्यासाठी चार रकाने कोरे सोडा. भरायला महिना लागला तरी विचारू नका.